घोडीचा आज उपास हाय

वरात ऐन रंगात आलेली असायची. नवरदेव एका हाताने फेटा सावरत रिकिबीत पाय घालायच्या बेतात, मामा लोक नाचून घामाघूम, बँडवाल्याचे गाल फुगून लाल. आणि नेमका तेव्हाच हा माणूस उजवा हात वर करायचा. चौकातल्या पोलिसासारखा.

"बंद करा रे! जरा बंद!"

बँड गप्प. मामा एका पायावर तसेच. मग हा गृहस्थ डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचा, वाकायचा आणि घोडीच्या पोटाला कान लावायचा. आधी डावीकडून, मग वळसा घालून उजवीकडून. वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. सगळी वरात श्वास धरून उभी. कुणाला वाटायचं हा काही मंत्र म्हणतोय, कुणाला वाटायचं घोडी गाभण आहे. मिनिटभराने तो सरळ व्हायचा, टोपी घालायचा आणि म्हणायचा, "बोलतं हाय. चला."

म्हणजे पोट बोलतंय. आतडी चालू आहेत. आता वाजवा काय वाजवायचं ते.

तुम्ही कामोठे, कळंबोली, रोडपाली या बाजूच्या लग्नांना गेला असाल, तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असणार. लाल मखमली कोट, त्याला सोनेरी जर, खाली साधं धोतर नि पायात चपला. नाव सांगत नाही. नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलंही नाही. सगळ्या जगाचे ते घोडीवाले. मी काका म्हणायची. ते मला 'डॉक्टरबाय' म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि दम किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी जनावरांची डॉक्टर. कामोठ्यात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. जनावरं म्हणजे कोण, तर लॅब्राडोर, पर्शियन मांजरं आणि अधूनमधून पंख दुखावलेला पोपट. घोडा मी कॉलेजात शिकले होते, तोही परीक्षेपुरता. पास झाले त्या दिवशी घोड्याला रामराम केला होता.

एका दिवाळीनंतर सकाळी हे गृहस्थ दवाखान्यात आले आणि टेबलावर मिठाईचा डबा ठेवला. चांगला, सोनेरी फुलाफुलांचा. आमच्या सुरेखाताई, म्हणजे माझ्या दवाखान्याचा उजवा हात, खुश झाल्या. "अगंबाई, कशाला हो!" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं. आणि "ईऽऽ" करून जी किंचाळल्या, की समोरच्या बाईच्या मांडीवरचं मांजर थेट फाईलच्या कपाटावर.

"लीद हाय," काका शांतपणे म्हणाले. "सकालची. बगा, कशी वाटते."

"अहो काका, मी घोड्यांची डॉक्टर नाही. कुत्र्यामांजरांची आहे."

"कुत्र्याला पोट असतं ना?"

"असतं."

"मंग तिला पण हाय. जरा मोटं हाय, एवडंच."

मी हातमोजे घातले आणि लीद पाहिली. गोळे लहान, कडक, वरून चकचकीत. पाणी कमी पडत होतं. तसं सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही परीक्षा त्यांनी घेतली होती आणि मी काठावर का होईना, पास झाले होते.

"मला पण तेच वाटलं," ते म्हणाले. "पन दोन तोंडातून आलं म्हनजे बरं." आणि डबा उचलून निघाले. जाताना सुरेखाताईंना म्हणाले, "पुडच्या टायमाला पेडे आनतो." पुढच्या वेळी पुन्हा लीदच आणली. डबा मात्र वेगळा होता.

नंतर त्यांच्याकडे जाणं सुरू झालं. जुन्या कामोठे गावात त्यांची तीन मजली इमारत. शेती नव्या शहरात गेली, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर बांधलेली. खाली तीन गाळे. एकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्यात दहावीचे क्लास, आणि मधल्या गाळ्यात, शटर अर्धं वर करून, शेवंती. पांढरी, कपाळावर पिवळसर झाक असलेली घोडी. रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या माणसाला आधी 'येथे सर्व कंपन्यांचे डिस्प्ले बसवून मिळतील' अशी पाटी दिसायची, मग घोडीचं तोंड, मग पायथागोरसचं प्रमेय ऐकू यायचं. लोक त्या गाळ्यासाठी त्यांच्या मागे लागलेले. कुणाला केक शॉप काढायचं होतं, कुणाला ब्युटी पार्लर. काका म्हणायचे, "हाय की पार्लर. आत बसलीय ती कोन?"

आणि खरंच पार्लर होतं हो! सकाळी आधी खरारा. मग चारही पाय एकेक करून. ते उपड्या बादलीवर बसायचे, तिच्या गुडघ्यामागे दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "पाय दे." ती पाय उचलून द्यायची. तो मांडीवर घेऊन आकड्याने खुरातली घाण काढायची, खडे काढायचे, मग खूर नाकाशी धरून वास घ्यायचा. पावसाळ्यात खूर आतून कुजायला लागतो, तो आधी नाकाला कळतो, डोळ्याला नंतर. मग तळहाताची मागची बाजू खुरावर टेकवायची. गरम नाही ना? नाही. "दुसरा दे." मग हिरड्या. अंगठ्याने हिरडी दाबायची, पांढरी पडते, सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवी. मग पिंपाएवढी मोठी बादली पाण्याची, खड्याचं मीठ चाटायला, आणि शेवटी थोडी चंदी. चारा आधी, दाणा नंतर, तोही मोजका. वरातीला जाताना कानात कापूस, कारण डीजे. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं, पण चुकलं कुठे काही नाही.

एकच गोष्ट चुकीची होती आणि तिच्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. भिंतीला बांबूची एक नळी टांगलेली असायची. घोडीचं पोट दुखलं की मान वर करून या नळीने तेल नि हिंग घशात ओतायचं, वडिलांपासूनची पद्धत. मी म्हटलं, "काका, हे तेल श्वासनळीत गेलं तर फुफ्फुसात जाईल. पोटदुखीने मरणार नाही ती, तुमच्या तेलाने मरेल."

"माज्या बापानं आयुष्यभर पाजलं."

"सगळ्या जगल्या?"

त्यांनी नळी उतरवली आणि तिचा दांडा करून हातपंखा बसवला, उन्हाळ्यात माश्या हाकायला. पुढे महिन्याभराने मी ऐकलं, तर हेच काका दुसऱ्या एका घोडेवाल्याला फोनवर झापत होते, "नलीनं तेल पाजतोस? फुफ्फुसात जातं ते! गावठी कुटला!"

आता उपासाचं सांगते, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल.

आपल्याकडे घोडी दारात आली की तिला काही ना काही खायला घातल्याशिवाय बायांचा जीव राहत नाही. नवरदेवाची आत्या भिजवलेली चण्याची डाळ आणते, मावशी लाडू आणते, काकू परातीतून पुरणपोळी आणते. कुणी तरी गुलाबजाम आणतंच. घोडीला गुलाबजाम! प्रेमाने आणतात, त्यात वादच नाही. पण घोड्याचं पोट म्हणजे एकेरी रस्ता. त्याला उलटी करता येत नाही. आत गेलं ते गेलं. गोड नि दाणा जास्त झाला की एक तर पोटात कळ येते, नाही तर दोन दिवसांनी खुरांत दाह होतो आणि घोडं उभं राहीनासं होतं.

काकांनी पहिल्यांदा हे लोकांना समजावून पाहिलं. "तिला बाधतं," म्हणाले. आत्या म्हणाल्या, "एका लाडवाने काय होतंय?" अशा पंधरा आत्या, पंधरा लाडू. मग त्यांनी युक्ती काढली. बाई लाडू घेऊन पुढे आली की काका हात जोडायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "घोडीचा आज उपास हाय."

बाई जागच्या जागी थांबायची! बाधतं म्हटलं तर ऐकणार नाहीत, डॉक्टर नको म्हणते म्हटलं तर डॉक्टरला काय कळतं म्हणतील. पण उपास म्हटलं की विषय संपला. उपास मोडायचं पाप कोण घेणार? सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, बुधवारी पांडुरंगाचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. रविवारी कसला हो, असं एकदा एका चिकित्सक आजीबाईंनी विचारलं, तर काका म्हणाले, "खंडोबाचा. खंडोबा बसतो कशावर?" आजीबाईंनी शेवंतीला नमस्कार केला.

एकदा एक काकू राजगिऱ्याचा लाडू घेऊन आल्या. "हा उपासाला चालतो की!"

"निरंकार हाय," काका म्हणाले. "फक्त पानी."

"बाई गं! मुकं जनावर आणि केवढी श्रद्धा," म्हणत काकू डोळे पुसत परत.

पण यात एक गोम होती. बाई परत जाताना म्हणायचीच, "मग तुम्ही तरी घ्या हो, दादा." आणि इथे काका हरायचे. पहिल्यांदा हात परत पाठवला तो घोडीसाठी. दुसऱ्यांदा कसा पाठवायचा? "लगीन हाय, बाय. दोनदा नाय बोलायचं नसतं," हे त्यांचं म्हणणं. मग तो लाडू ते स्वतः खायचे. तिथेच, उभ्या उभ्या. घोडीच्या वाट्याचे लाडू, पेढे, पुरणपोळ्या, गुलाबजाम, इतक्या वर्षांतल्या इतक्या वराती. सगळं या माणसाच्या पोटात गेलं.

मी हसून म्हटलं, "काका, तुमचीच मजा आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "जाईच्या टायमाला हसत हुतो मी."

जाई ही शेवंतीच्या आधीची घोडी. एका लग्नात सगळ्यांनी तिला मन भरून खाऊ घातलं. कुणी तरी विचारलंही, चालतं ना हो? आणि हेच म्हणाले होते, "खाऊ द्या, नवऱ्याची आत्या हाय." तिसऱ्या दिवशी जाईचे खूर निखाऱ्यासारखे गरम. पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी, मग तेही जमेना. उठलीच नाही. काकांनी हे मला एकदाच सांगितलं, शेवंतीचा खूर मांडीवर घेऊन, खाली बघत. "मी बोल्लो, खाऊ द्या," एवढं दोनदा म्हणाले. शेवंतीच्या तोंडात परक्याच्या हातचा एक कण जाऊ द्यायचा नाही, हे तेव्हाच ठरलेलं.

आणि तरी तो गेलाच. लग्नात नाही, घरी. शेजारच्या क्लासमध्ये कुणाचा वाढदिवस होता. उरलेला केक, वेफर्स, मुलांनी प्रेमाने शटरखालून शेवंतीला दिले. काका बाजारात. परत आले तर घोडी पुढच्या पायाने जमीन उकरतेय, मान वळवून पोटाकडे बघतेय. त्यांची लेक दर्शना, जासईला कंटेनरच्या ऑफिसात नोकरी करते, त्या दिवशी घरी होती. तिचा फोन आला, "डॉक्टर, लवकर या. बाबा काहीच बोलत नाहीयेत."

गेले तर काका घोडीला घेऊन गल्लीत सावकाश फेऱ्या मारत होते. मी स्टेथोस्कोप लावला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, नाकातून पोटापर्यंत नळी घालून तेल सोडलं. खोटं कशाला बोलू? कॉलेजनंतर पहिल्यांदाच करत होते. मग वाट बघणं. मोबाईलवाला दुकान सोडून बाहेर, क्लासची मुलं पायऱ्यांवर ओळीने, चेहरे पडलेले. काका तिच्या गळ्यात हात टाकून उभे, ओठ हलत होते. नवस बोलत असावेत.

तासाभराने एक आवाज झाला. लांबलचक, गल्लीभर ऐकू जाईल असा. आणि मागोमाग लीद.

"पादली!" काका ओरडले. "पादली रे! माजी बाय पादली!" आणि मोबाईलवाल्याला मिठी मारली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. आयुष्यात कुणाच्या पादण्याने एवढा आनंद झालेला मी पाहिला नाही, आणि मला स्वतःलाही झाला. दर्शना रडत हसत होती. काकांनी लगेच कान लावला. "बोलतं हाय," म्हणाले, आणि मग मात्र त्याच बादलीवर मटकन बसले.

मुलांना रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये जाऊन फळ्यापुढे उभे राहिले आणि घोड्याला उलटी का होत नाही, हिरडी कशी बघायची, लीद कशी असावी, यावर अर्धा तास बोलले. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

त्याच दिवशी मला त्यांची चाल दिसली. गाळ्यातून क्लासपर्यंत जाताना डावा पाय टेकला की डोकं किंचित वर जात होतं. घोडं लंगडतं तेव्हा अगदी असंच करतं, दुखऱ्या पायावर भार आला की मान वर. शेवंतीचा एक खिळा सैल झाला तर टापांच्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस, स्वतः लंगडतोय नि पत्ता नाही!

"काका, पायाला काय झालंय?"

"काय नाय."

"बसा बादलीवर."

"अवो डॉक्टरबाय, काय नाय झालेला..."

मग मी समोर दुसरी बादली उपडी केली, बसले, त्यांच्या गुडघ्यामागे दोन बोटं टेकवली आणि म्हटलं, "पाय दे."

ते इतके दचकले की मुकाट्याने दिला. मी मांडीवर घेतला. दर्शना खो खो हसायला लागली, शेवंतीने मान वळवून पाहिलं. आणि माझं हसू जागीच गेलं. टाचेच्या पुढे बोटभर जखम, आत कधीचं काय रुतलेलं होतं कोण जाणे. कुजका वास. खुराचा वास घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायाचा कधी घेतलाच नव्हता.

"दुखत नाही?"

"अजिबात नाय. तोच तर बोल्तो, काय नाय झालेला."

दुखत नाही हीच तर भीती होती. मी जखम धुतली, पट्टी बांधली. माझ्या हातून पट्टी बांधून घेतलेला तो पहिला दोन पायांचा पेशंट. आणि दर्शनासोबत त्यांना तिथूनच माणसांच्या डॉक्टरकडे धाडलं. साखर किती निघाली ते ऐकून दर्शनाने फोनवर मला आकडा सांगितला नाही, नुसतं "खूप" म्हणाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोड आजपासून बंद. नाही तर हा पाय जाईल.

काकांनी मला विचारलं, "पाय गेला तर वरातीत कसा चालनार? तिला धरनार कोन?"

"म्हणून सांगतेय. तुम्हीही उपास धरा. म्हणा, आमचा दोघांचा उपास."

"दोगांचा? लोक बोलतील, यांच्या घरात खायलाच नाय."

"काका!"

"बरं, नाय खानार," म्हणाले. "शेवंतीची शपत."

जखम हळूहळू भरली. सहा आठवड्यांनी शेवंतीचे नाल बदलायला नालबंद यायचा, तेव्हा मी काकांचाही पाय बघायची. "दोगांचं सर्विसिंग," म्हणायचे. नवे बंद बूट घेतले, मखमली कोटाखाली धोतर आणि खाली काळे बूट. मला फार बरं वाटत होतं.

मग रोडपालीचं ते लग्न. मी मुलीकडून. जेवणाच्या रांगेतून बाहेर पाहिलं तर वरात दारात, नवरदेवाची आत्या परात घेऊन पुढे, काकांचे हात जोडलेले, मान हलतेय. उपासाचं सांगून झालं. मग आत्याने मोतीचूर लाडू काकांच्या हातावर ठेवला. आणि काकांचा हात तोंडाकडे गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी हातातली ताटली ठेवली आणि थेट वरातीत घुसले. "काका! शेवंतीची शपथ घेतली होती ना? लाज वाटत नाही? जाईला तुम्ही मारलंत, आता स्वतःला मारा!"

हे वाक्य मी बोलले. बँडसमोर, पाहुण्यांसमोर. बोलले नि लगेच जीभ चावली, पण ते आता परत कुठून आणणार?

काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी बगितलंत ना?" एवढंच म्हणाले. "मंग झालं." आणि घोडी पुढे घेतली.

मी रागावले होते आणि शरमलेही होते. दोन्ही एकदम असलं की माणूस काहीच करत नाही. दोन आठवडे मी त्यांच्याकडे गेले नाही. शेवंतीच्या धनुर्वाताच्या लसीची तारीख जवळ आली होती, म्हटलं त्या निमित्ताने जाऊ, तेव्हा माफी मागू. तारखेच्या आधी दर्शनाचा फोन आला.

पायाचं काही नव्हतं. पाय ठणठणीत होता. सकाळी खूर साफ करायला बसले होते, आदल्या दिवशी वरात होती म्हणून जरा जास्तच घाण होती. दर्शना चहा घेऊन खाली आली तर बादलीवर बसल्या बसल्याच भिंतीला टेकलेले. आकडा हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेवंतीने आपला पाय हळूच काढून घेतला असावा, कारण मांडीवर धोतर जरासुद्धा विस्कटलं नव्हतं. ती त्यांच्या खांद्याशी मान खाली घालून उभी होती.

तेराव्यानंतर मी गेले. दर्शनाने आतून लाल कोट आणला. "डॉक्टर, हे तुम्हाला दाखवायचं होतं," म्हणाली आणि कोटाची बाजू उलटी केली. आत, काखेच्या जरा खाली, एक खिसा शिवलेला. हातशिलाई, वेडीवाकडी, पण घट्ट. खिशाला आतून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक लावलेलं, तेल मखमलीवर उतरू नये म्हणून. मी हात घातला. आत शेवटच्या वरातीतला अर्धा पेढा, बुंदीचा चुरा, आणि त्यांच्याभोवती मुंग्या.

"पाय दाखवल्यापासून बाबा एक कण खात नव्हते. हात तोंडापर्यंत न्यायचे आणि वळून आत टाकायचे. बाईला वाटायचं खाल्लं. रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना घालायचे."

"मग मला सांगायचं ना!" मी ओरडलेच. "त्या दिवशी रोडपालीला ते एक शब्द तरी बोलले असते..."

दर्शनाने कोट सरळ केला. "मी म्हटलं होतं, डॉक्टरांना सांगा. तर म्हणाले, तिला सांगू नको, तिचा आवाज मोटा हाय. लग्नात बोलून गेली तर बायांना कलेल आपन टाकतो ते. मंग त्या शेवंतीला भरवतील."

मी त्या बादलीवर बसले आणि रडले. आवाज मोठाच आहे माझा, रडण्याचाही. मोबाईलवाला डोकावून गेला.

गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीत लग्न होतं. रविवार. खाली बँड वाजायला लागला तशी मी उतरले. शेवंती सजून उभी, कानात कापूस. लगाम दर्शनाच्या हातात. अंगात तोच लाल कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. सुट्टीच्या दिवसांच्या वराती आता ती करते. गाळा कुणालाही दिलेला नाही.

वरमाय लाडू घेऊन पुढे आली. दर्शनाने हात जोडले. "घोडीचा आज उपास हाय."

"रविवारी कसला गं?"

"खंडोबाचा."

"अगं मग तू तरी खा, पोरी."

दर्शनाने लाडू घेतला. हात तोंडाकडे गेला, ती जराशी वळली, आणि हात कोटाच्या आत जाऊन रिकामा बाहेर आला. वरमाय समाधानाने परतली. दर्शनाची नि माझी नजरानजर झाली. मी एक अक्षर बोलले नाही.

नवरदेवाने रिकिबीत पाय घालायला उचलला. दर्शनाने उजवा हात वर केला.

"बंद करा रे! जरा बंद!"

बँड थांबला. नाचणारे थांबले. ती वाकली, शेवंतीच्या पोटाला कान लावला, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने. आम्ही सगळे गप्प उभे. मी हात कधी जोडले मलाच कळलं नाही.

ती सरळ झाली, कोट नीट केला.

"बोलतं हाय," दर्शना म्हणाली. "चला."